कागदाखालचा कागद

मी एक सूचनाफलक बोलतोय. अकोल्यातल्या एका महाविद्यालयात, प्राचार्यांच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात, गेली एकवीस वर्षं मी भिंतीवर आहे. मुलं मला नुसतं ‘बोर्ड’ म्हणतात. पुढच्या आठवड्यात मला उतरवणार आहेत. माझ्या जागी टीव्हीसारखा पडदा येणार आहे, त्यावर सूचना आपोआप सरकत जातील म्हणे. जाण्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. तिच्यात माझा मोठेपणा कुठेही नाही.

माझा जन्म अमरावतीचा. एका म्हाताऱ्या सुतारानं सागवानाची चौकट जोडली, आत मऊ पाटी बसवली, तिच्यावर हिरवं कापड ताणलं. शेवटी एक पिन टोचून, ओढून पाहिली आणि म्हणाला, “घट्ट धरजो रे बाबा. तुहं कामच थे हाय.” मग मी एसटीच्या टपावर बांधला जाऊन अकोल्याला आलो. मला काचेची दारं होती, कुलूप होतं. किल्ली पहिल्याच वर्षी हरवली, तेव्हापासून मी कोणालाही उघडा आहे.

सूर्यभान शिपाई माझा सांभाळ करतात. पिना ते बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. इथं राहून मला माणसांच्या सवयी कळल्या. माणसं माझ्यापुढे येतात ती वाचायला नाही, आपलं नाव शोधायला. नाव दिसलं की जातात, नाही दिसलं तरी जातात. बाकीचे काचेत बघून भांग पाडतात. सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचणारी माणसं मला या एकवीस वर्षांत फार थोडी भेटली.

दीक्षा त्यातली एक.

ती बाळापूरहून सकाळच्या बसनं यायची. तिची आई जाईबाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते आणि वेचता वेचता गाणी जुळवते. ती गाणी दीक्षानं एका वहीत उतरवून ठेवली होती. मधल्या सुट्टीत माझ्यासमोरच्या बाकावर बसून ती आपल्या मैत्रिणीला, पौर्णिमाला, ती म्हणून दाखवायची. एक मला अजून पाठ आहे:

पऱ्हाटीचं बोंड फुटे, हाती काटा रुते बाई,
लेक माही शाळंमंदी, मले काटा रुतत नाई.

“तुही माय काय भारी जुळवते वं,” पौर्णिमा म्हणायची.

“तिले म्हटलं तं लाजते. म्हनते, हे काय गानं हाय, हे तं काम हाय.” दीक्षा वही मिटायची. “पन मले वाटते, दूर देशातल्या लोकाईनं हे आयकलं पायजे. थ्यायचं बी आपन आयकलं पायजे.”

पौर्णिमा तेल्हाऱ्याची, शेतकऱ्याघरची, वसतिगृहात राहणारी. हुशार, धीट, वर्गाची प्रतिनिधी. माझ्यावर लागलेल्या प्रत्येक सूचनेचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हे तिचं काम. ते ती चोख करायची. दोघी दुसऱ्या वर्षाला होत्या, आणि एकीच्या डब्यातलं लोणचं दुसरीच्या डब्यात गेल्याशिवाय दोघींचं जेवण होत नसे.

गेल्या वर्षीच्या जुलैतला एक सोमवार. सूर्यभाननी सकाळीच एक पत्र माझ्या मधोमध लावलं. एका परदेशी संस्थेची शिष्यवृत्ती होती. निवडलेल्या विद्यार्थ्यानं दहा महिने पोलंडमध्ये एका कुटुंबात राहायचं, तिथल्या महाविद्यालयात शिकायचं, आणि आपल्या भागातलं गाणं, खाणं, सण, जगणं तिथल्या लोकांना सांगायचं. सगळा खर्च संस्थेचा. वय वीसच्या आत हवं. एका महाविद्यालयातून एकच अर्ज. शेवटची तारीख अकरा दिवसांनी, मुलाखत अमरावतीला.

ते पत्र अंगावर लागलं तेव्हा मला आनंद झाला. परीक्षेच्या तारखा आणि हरवलेल्या छत्र्या यांच्यामध्ये एखादं दार उघडावं, तसं ते होतं. ते कोणासाठी आलंय हे मला वाचताक्षणीच कळलं होतं.

पण बाळापूरची बस त्या दिवशी उशिरा आली, आणि पत्र आधी पौर्णिमानं वाचलं. तिनं ते दोनदा वाचलं. मोबाइल वर उचलला, फोटोसाठी धरला, आणि तसाच खाली घेतला.

तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की उत्तमराव सरांच्या आई मैनाबाई गेल्या. सर मराठी शिकवायचे, सगळ्यांना जीव लावायचे. तासाभरात फोटोसह श्रद्धांजलीचा कागद तयार झाला. सूर्यभान अंत्ययात्रेला निघाले होते, पायांत चपलाही धड नव्हत्या.

“पौर्णिमा, माय, हे लाव बरं बोर्डावर. मी मातीले चाललो.”

आमच्याकडे एक रीत आहे. फार वर्षांपूर्वी वेळापत्रकाला जागा हवी म्हणून सूर्यभाननी असाच एक कागद नवव्या दिवशी काढला होता, आणि त्या घरच्या माणसांना तो कचऱ्याच्या टोपलीत दिसला. त्यांचं रडणं सूर्यभानना विसरता आलं नाही. तेव्हापासून श्रद्धांजलीच्या कागदाला तेरवीपर्यंत कोणी हात लावत नाही. प्राचार्यसुद्धा नाही.

हे पौर्णिमाला माहीत होतं.

माझा डावा कोपरा रिकामा होता. तिचा हात आधी तिकडेच गेला. मग थांबला. मग मधोमध आला. तिनं मैनाबाईंचा कागद त्या पत्रावर बरोबर बसवला, कडा जुळवल्या आणि निळ्या डोक्याची पिन दोन्ही कागदांतून आरपार दाबली. मग व्हरांड्यात दोन्ही बाजूंना पाहिलं. ते फक्त मला कळलं.

इथे माझा गुन्हा सुरू होतो. डाव्या कोपऱ्यात माझी पाटी भुसभुशीत झाली आहे, तिथल्या पिना गळतात. मधोमध मी अजून पक्का आहे. मला वाटलं असतं तर ती पिन मी नीट धरली नसती. पण मी धरली, सुतारानं सांगितलं होतं तशी.

दीक्षा दुसऱ्या दिवसापासून रोज त्या कागदासमोर हात जोडू लागली. सरांनी तिला पुस्तकं दिली होती, घरी बोलावून मैनाबाईंच्या हातचा चहा पाजला होता. ती हात जोडायची आणि माझ्या आत ते पत्र दबून असायचं. तिच्या जोडलेल्या हातांपासून चार बोटांवर.

पाचव्या दिवशी वारा सुटला आणि माझी कुलूप नसलेली दारं उघडली. कागदाचा खालचा कोपरा उचलला गेला आणि खालच्या पत्राची एक ओळ बाहेर डोकावली. मी मनात म्हटलं, बघ गं, आता तरी बघ. तिनं पाहिलं ते मैनाबाईंचा फोटो दुमडतोय हे. “आजीचा कागद उडून जाईन,” असं पुटपुटत तिनं डब्यातून एक पिन घेतली आणि तो कोपरा स्वतःच्या हातानं माझ्यात टोचला.

मी तीही पिन घट्ट धरली.

सातव्या दिवशी पौर्णिमा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं. प्राचार्यांनी विचारलं, “आणखी कोणी इच्छुक आहे का?” ती म्हणाली, “माझ्याकडे तरी कोणी आलं नाही, सर.” प्राचार्यांनी सही केली. त्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि म्हणूनच ते मला इतकं टोचलं.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी सूर्यभाननी मैनाबाईंचा कागद दोन्ही हातांनी काढला आणि खालचं पत्र उघडं पडलं. दीक्षा तिथंच होती. तिनं ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. मग पुन्हा तारखेवर आली.

“काका, हे कवा लावलं होतं?”

सूर्यभान कागद हातात धरून उभे राहिले. “सोमवारी. मैनाबाई गेल्या थ्या दिवशी.” मग हळूच म्हणाले, “माहीच चूक हाय पोरी. मले पाहून लावाले पायजे होतं.”

कागद आपण पौर्णिमाच्या हातात दिला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या लेकराचं नाव कसं घ्यावं, असं त्यांना वाटलं असेल. उत्तमराव सर त्याच दिवशी कामावर आले होते. डोक्यावरचे केस अजून उगवले नव्हते. त्यांनी पत्र पाहिलं, आईचा फोटो पाहिला. “माझ्या आईच्या कागदाखाली राहिलं हे,” एवढंच ते म्हणाले.

“जाऊ द्या सर,” दीक्षा म्हणाली. “घरचं मानूस गेलं होतं. कागद कोन पाहाते?”

अशी सगळी माणसं माझ्यासमोर आपापला अपराध कबूल करत होती, आणि जिचा होता ती अमरावतीला मुलाखत देत होती. त्याच डिसेंबरात दीक्षाला वीस वर्षं पूर्ण होणार होती; म्हणजे पुढच्या वर्षीची वाटही बंद.

सप्टेंबरात पौर्णिमा गेली. तिचा हार घातलेला फोटो पेपरात आला. सूर्यभाननी ते कात्रण माझ्या मधोमध लावलं, त्याच भोकांत. दीक्षानं त्याचा फोटो काढून, कागदावर छापून आईला दाखवायला नेला. हिवाळ्यात पौर्णिमाचं एक पोस्टकार्ड दीक्षाला आलं, बर्फानं भरलेल्या चौकाचं; ते तिनं माझ्यासमोरच्या बाकावर बसून वाचलं. मागे लिहिलं होतं, “इथले लोक खूप प्रश्न विचारतात.” ते का लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

ती या जुलैत परत आली. वर्ष मागे पडलं म्हणून पुन्हा दुसऱ्या वर्षात. दीक्षा तिसऱ्या वर्षात. पहिल्या दिवशी पौर्णिमा माझ्यासमोर उभी राहिली, पण वाचत काहीच नव्हती. दीक्षा मागून आली आणि तिच्या पाठीत थाप मारली.

“काय वं मॅडम, गोरी होऊन आली. लोनचं खाऊन राहिली का तिकडं, का इसरली?”

पौर्णिमा हसली नाही. “दीक्षा, थे पत्र मी झाकलं होतं.”

“कोन्तं?”

“मैनाबाईचा कागद मीच लावला होता. जागा होती बाजूले. मुद्दाम वर लावला. ग्रुपवर बी नाई टाकलं. एकच अर्ज होता, आन् तू केला असता तं तुलेच घेतलं असतं.”

दीक्षा बाकावर बसली. तिनं विचारलं, “आता काऊन सांगून राहिली?”

“तिथं एक दिवस आपल्याकडचं काही म्हनून दाखवाचं होतं. मी तुह्या मायचं गानं म्हटलं. ज्यायच्या घरी राहात होती थ्या बाईच्या डोयात पानी आलं. तिनं इचारलं, कोनी केलं हे? नाव काय तिचं? मी म्हटलं, गावाकडचं जुनं गानं हाय, कोनाचं माहीत नाई. थ्या रात्रीपासून मले जेवन जात नव्हतं. तुही जागा घेतली थे घेतलीच. वरून मायचं नाव बी खाऊन टाकलं.”

“मी मायले तुहा फोटो नेऊन दाखवला होता,” दीक्षा म्हणाली. “तिनं भिताडाले लावला.”

मग ती उठली. मला वाटलं, आता ती मारेल, किंवा मिठी मारेल. माणसं माझ्यासमोर दोन्ही करतात. तिनं बिस्किटाचा डबा उचलून पौर्णिमापुढे धरला.

“लिही. जे मले सांगितलं थे सगळं. मायचं पुरं नाव लिहिजो. आन् लाव इथं, मधात. थ्या बाईले बी पत्र टाक, थ्या संस्थेले बी.”

“मंग तू मले माफ करशीन?”

“थे मले माहीत नाई अजून. तू लिही.”

पौर्णिमानं बाकावर बसून लिहिलं. दोन पानं झाली. खाली सही केली, गाव घातलं. तिनं पिन टोचली तेव्हा या वेळी आजूबाजूला पाहिलं नाही. सूर्यभान बाजूला उभे होते. ते वाचायला चष्मा शोधू लागले, मग तसंच म्हणाले, “तेरा दिवस याले कोनी हात लावाचा नाई.” आणि खरंच कोणी लावला नाही. प्राचार्य येऊन वाचून गेले. उत्तमराव सरांनी दोनदा वाचलं. पहिल्या वर्षाची पोरं कुजबुजत वाचत राहिली, आणि पौर्णिमा त्याच व्हरांड्यातून रोज खाली मान न घालता ये-जा करत राहिली. ते सोपं नव्हतं.

संस्थेचं उत्तर गेल्या सोमवारी आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण वयाची अट शिथिल करता येत नाही. पोलंडच्या बाईंचं पाकीटही आलं, जाईबाईंच्या नावानं. ते दीक्षा न फोडता बाळापूरला घेऊन गेली. दोघी मैत्रिणींचा डबा अजून वेगळाच असतो.

तर अशी माझी गोष्ट. जग एवढं मोठं आहे आणि त्याच्याकडे जाणारी वाट कधी कधी एका कागदाएवढी असते. तो कागद माझ्या अंगावर होता आणि मी तो दाबून धरला. मी लाकूड-कापडाचा आहे, मला हात नाहीत, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यानं काही भागत नाही. माझ्या जागी पडदा येईल, त्यावर एका सूचनेवर दुसरी सूचना चढेल, आणि तिथं वारा सुटला तरी कोपरा उचलला जाणार नाही. त्यासमोर जी मुलं उभी राहतील, त्यांना माझी विनंती आहे: तुम्हाला आधी दिसलं, तर शेजारच्याला हाक मारा.

दीक्षा आता रोज सकाळी येते आणि माझ्यावरचा एकेक कागद बोटानं उचलून खाली पाहते. सूर्यभान तिला हसतात. “काय सापडते वं तुले तिथं?” ती म्हणते, “काई नाई काका. पाहून घेते.”

तिचं बोट कागदाच्या कडेला लागलं, की मी पिना सैल सोडतो.