थियारोयच्या छपरावरची तार

ऐकणाऱ्याचे नाव:

लातिर न्दोंग. फॉर्मवर तो एवढंच लिहायचा. 'हत्ती' हे आखाड्यातलं नाव. ते भिंतीवरच्या पोस्टरांना, ढोलांना आणि एकशे अडतीस किलो वजनाला लागू होतं. दूरदेशीच्या रेडिओ केंद्रांना मात्र फक्त लातिर माहीत होता. तुमचा कार्यक्रम अमुक वाजता मला ऐकू आला, आवाज असा होता, खरखर एवढी होती, असं नम्रपणे कळवणारा कुणी एक माणूस. केंद्रं त्याला पोचपावती म्हणून पोस्टाने कार्ड धाडायची. गादीखाली अशी एकसष्ट कार्डं होती.

बासष्टावं हुलकावणी देत होतं. पॅसिफिकमधल्या एका बेटावरचं केंद्र, पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या अंगाला. इथे सूर्य बुडतो तेव्हा तिथे उगवतो, आणि तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांच्या फटीतून त्यांचा आवाज डाकारपर्यंत येऊ शकतो. सहा वर्षं लातिर त्या फटीला कान लावून बसला होता. आता ते केंद्र कायमचं बंद होणार होतं. शेवटचं प्रक्षेपण रविवारी, इथल्या संध्याकाळी सातला.

रविवारी सातलाच हत्तीची रुफिस्कच्या सितोरशी कुस्ती होती.

उपकरण:

जुना रेडिओ. एका खलाशाकडून घेतलेला. तबकडीवर बहिणीच्या, यांदेच्या, नेलपॉलिशचा ठिपका, त्या बेटाच्या जागी.

अँटेना:

तांब्याची तार, बावीस मीटर, छपरापासून शेजारच्या कडुनिंबापर्यंत.

ती ताणली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली. "कोणत्या सेरीनबाबाने मंतरून दिली रे?"

"कुणी नाही, मावशी. रेडिओसाठी आहे."

"बरोबर. असल्या गोष्टी सांगायच्याच नसतात," म्हणत तिने डोळा मारला.

ताईत न बांधता, मंतरलेलं पाणी डोक्यावर न ओतता आखाड्यात उतरलेला मल्ल डाकारच्या ह्या थियारोय उपनगरात कुणी पाहिला नव्हता. तेव्हा मल्लाच्या छपरावरची तार कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. महिन्याभरात सितोरची माणसं ती कापायला येऊन गेली. मग बान्यिककाकांनी, म्हणजे लातिरच्या वस्तादांनी, घरावर पहारा बसवला.

"काका, ती नुसती अँटेना आहे हो."

"असेना. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं. तुझा आवाज दवाखान्यातल्या नर्ससारखा. तार आहे म्हणून लोक टरकतात तरी."

अडथळा:

बुधवारी दोन्ही मल्लांना कॅमेऱ्यांपुढे समोरासमोर बसवलं. अशा वेळी बढाया मारायच्या असतात. सितोरने मारल्या. "हा हत्ती? ह्याच्या कानांच्या मी चपला शिवीन, आणि सोंड बायकोला देईन, पाणी भरायला!"

ढोल वाजले. माईक लातिरकडे आला.

सकाळीच त्याने बहिणीला सांगितलं होतं, आज खरं बोलणार. यांदे म्हणाली होती, "दादा, तुझ्या डोक्यातला किडा मला कळतो. त्यांना नाही कळायचा."

"माझी एक विनंती आहे," लातिर म्हणाला. "कुस्ती पाचला घ्या. सातला मला घरी पोचायचंय. एक रेडिओ केंद्र बंद होतंय, ते ऐकायचंय. माझ्या छपरावरची तार त्यासाठीच आहे. मला कुस्तीपेक्षा तेच जास्त आवडतं. लहानपणापासून."

ढोल थांबले होते. आता कुणीतरी 'बरं' म्हणेल असं त्याला वाटून गेलं.

"ऐकलंत?" सितोरचा वस्ताद ताडकन उठला. "मुहूर्त मागतोय! सातला ह्याची तार जागी होते, म्हणून आधी उरकायला बघतोय. की उलटं आहे रे? काही असो, एक मिनिटसुद्धा पुढेमागे होणार नाही!"

"कुठलं केंद्र ऐकतोस, जिन-भुतांचं का?" एका पत्रकाराने विचारलं आणि सगळे हसले, पण जरा जपूनच.

परतताना बान्यिककाका गाडीत म्हणाले, "सातला, नाही का? आधी सांगायचंस, पोरा."

वेळ:

रविवार, सहा वाजून पन्नास मिनिटं. कपडे बदलायच्या खोलीत काका त्याच्या कमरेला ताईतांचा पट्टा आवळत होते. पट्टा नेहमीपेक्षा जड होता. यांदेचा फोन आला. तिने ऐकायचं, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं, असं ठरलं होतं.

"दादा, ठिपक्यावर लावलाय, पण नुसती खरखर. वर जाऊन बघितलं. तार नाहीये. नुसता खिळा आहे."

लातिरने काकांकडे पाहिलं. काकांनी पट्ट्यावर थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बावीसच्या बावीस मीटर आत शिवलीय. एक वीतसुद्धा वाया घालवली नाही. आता वाजू देत सात."

लातिरने फोन ठेवला. म्हणण्यासारखं सगळं तो बुधवारी म्हणून बसला होता.

काय ऐकू आले:

ढोल. 'हत्ती, हत्ती.' शिट्टी.

सूर्य स्टेडियमच्या भिंतीला टेकला होता. लातिर वाळूत उभा राहिला, हात खाली सोडून. सितोर पुढे आला. पट्ट्याला पकड घालायची, की अर्धी कुस्ती मारली. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं; तार त्या पट्ट्यात शिवलीय हेही, काकांच्या कृपेने. सितोरचा हात पट्ट्याशी आला आणि इस्तरीला लागावा तसा मागे गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो हात झटकत मागे सरला, त्याचाच पाय त्याच्या पायात अडकला आणि तो पाठीवर पडला.

लातिरने त्याला बोटही लावलं नव्हतं.

लोकांनी लातिरला खांद्यावर घेतलं. तेवढ्या उंचीवरून त्याला भिंतीपलीकडचं दिसलं: सूर्य गेलेला, आभाळाच्या कडेला तांबूस पट्टा. फट उघडली होती. त्यातून काही येत असेल किंवा नसेल. तार कमरेलाच होती, पण पट्टा सोडायला त्याचे हात मोकळे नव्हते.

शेरा:

सोमवारी सकाळी त्याने फॉर्म पुढे घेतला.

"लिही ना ऐकलं म्हणून," यांदे म्हणाली. "निरोप दिला असेल, गाणं लावलं असेल. कुणाला कळणार आहे?"

"मला."

त्याने तारीख आणि वेळ लिहिली. खाली लिहिलं: ऐकू आले नाही. मग पाकिटावर पत्ता घातला, जिथे आता उघडून वाचणारं कुणी नव्हतं.

अंगणात गर्दी होती. बान्यिककाका तारेचे वीत-वीतभर तुकडे वाटत होते. शेजारणीने आपला तुकडा मनगटाला केव्हाच गुंडाळला होता. वाटप संपल्यावर काका आत आले. त्यांच्या खांद्यावर नवं वेटोळं होतं.

"चाळीस मीटर आणलीय. चल, पुढच्या कुस्तीआधी ताणून घेऊ."

लातिरने वेटोळं हातात घेतलं. ते फारच हलकं होतं. नखाने खरवडलं तर तांबडा रंग निघाला. आत नायलॉन.

"खालून सारखीच दिसते," काका म्हणाले.

लातिर शिडी घेऊन आला. गाठ कशी मारायची, ते त्या घरात त्यालाच येत होतं.