एक बोट जास्त

मास्तर कापायचे आणि काकू शिवायच्या. एकेचाळीस वर्षांचा हा शिरस्ता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांना मशीनपाशी बसवून बजावलं होतं, "माझी खडूची रेघ सोडून दोरा इकडचा तिकडे जायचा नाही." त्या काळी मास्तरांच्या गळ्यातली टेप म्हणजे नुसता दागिना. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत त्याची छाती, कंबर, उतरता खांदा, सगळं नजरेनं मोजून झालेलं असायचं.

आता तोच हात मांडीवर पडला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायचे. पार्किन्सन, कंपवात, असं नाव डॉक्टरांनी सांगितल्याला सहा वर्षं झाली होती. थरथर काकूंच्या अंगवळणी पडली होती. त्यांना धास्ती होती ती वेगळीच. मास्तरांचं सगळंच लहान होत चाललं होतं. पाऊल लहान, आवाज लहान, मापाच्या वहीतलं अक्षर मुंगीएवढं. हिवाळ्यापासून खडूची रेघही आखडली. बाहीचा गोल ते एका झोकात काढायचे. तो झोकच बोटभर आधी दमायचा.

काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही. मास्तरांनी कात्री ठेवली तर ते अंथरूण धरतील, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी ते जेवून आडवे झाले की त्या हळूच टेबलापाशी जायच्या, त्यांची रेघ ब्रशनं झटकायच्या आणि एक बोट बाहेरून दुसरी ओढायच्या. सुरुवातीला टेप लावून पाहिलं होतं. दर वेळी एक बोटच कमी भरलं, म्हणून पुढे टेप लावणंच सोडलं. मास्तर उठून कापायला उभे राहायचे, ते काकूंच्या रेघेवरून. एक शर्ट मात्र काकूंच्या नजरेतून निसटला आणि काखेत दाटतो म्हणून परत आला. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

त्यात ही डोकेदुखी. मानेच्या ताठरपणानं डोकं अधूनमधून दुखायचंच. पण गेले पंधरा दिवस रोज. मानेमागून निघायची आणि डोळ्यामागे ठाण मांडायची. "ऊन लागलं असेल," मास्तर म्हणायचे. दुकानाबाहेर पाऊल न टाकणाऱ्याला कसलं आलंय ऊन! डोक्यात आणखी काही वाढत तर नसेल, या विचारानं काकूंची सुई दोन-दोनदा बोटात जायची.

त्या दिवशी दुपारी बँडमास्तर कच्च्या शिलाईचा कोट घालून बघायला आले. आरशासमोर उभं राहून त्यांनी ताल द्यायला हात उंचावले. कोटाचे खांदे कानांपर्यंत चढले. हात खाली घेतले तर बाह्यांत बोटं बुडाली.

"मास्तर, यात माझ्यासोबत ड्रमवालाही मावेल! की कार्यक्रमापर्यंत मी फुगेन असा अंदाज आहे तुमचा?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. खांदा, पाठ, बाही. प्रत्येक ठिकाणी एक बोट जास्त.

"मोठ्याचं लहान होतं, काळजी नको. गुरुवारी या," ते म्हणाले. बँडमास्तर हसत हसत गेले.

"हे माप माझं नाही," मास्तर म्हणाले.

काकूंनी मान खाली घातली. "रेघ मी ओढली होती."

"हीच?"

"हिवाळ्यापासून. सगळ्याच."

मास्तर स्टुलावर बसले. "अगं, मला वाटलं हात परत आला. तो शर्ट आल्यापासून मी दुपारची गोळी सकाळच्या गोळीबरोबरच घेतो. दोन्ही एकदम. झोपून उठलो आणि कोटाची रेघ पाहिली, कशी सुतासारखी! म्हटलं, गोळी लागू पडली. म्हणून तशीच चालू ठेवली."

"दोन एकदम? पंधरा दिवस? आणि डोकं?"

"तेव्हापासूनच ठणकतंय. म्हटलं, ठणकू दे."

आपल्याच रेघेनं त्यांना दोन गोळ्यांची गोडी लावली, हे काकूंच्या ध्यानात आलं. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं.

"मग कोटावरची माझी रेघ कशी होती? आखूड?"

हो म्हणून टाकलं असतं तर गोळ्यांचा नाद सुटला असता. काकूंनी कोटाकडे पाहिलं. वाढवलं त्यांनी एक बोट आणि जास्त होतं तेही एकच बोट. या माणसानं उभ्या आयुष्यात त्यांना मापाबाबत फसवलं नव्हतं.

"बरोबर होती," त्या म्हणाल्या. "अगदी पूर्वीसारखी."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की काकू घाबरल्या.

"म्हणूनच सांगते, अहो, पुन्हा तसं करायचं नाही. मी आत्ता डॉक्टरांना फोन लावते."

"लाव. पण मग माझा हात?"

काकूंनी फोन लावला. डॉक्टर फोनवर आधी चिडले, मग म्हणाले, उद्या सकाळी आणा. दुखणं गोळ्यांचं असेल, मानेचंही असेल, तपासल्याशिवाय सांगणार नाही. गोळी मात्र ठरल्या वेळीच. आज दुपारची सकाळीच पोटात गेलीय, तेव्हा पुढची एकदम संध्याकाळी.

काकूंनी कोट उसवला. टेप लावून नवी रेघ ओढली, या वेळी मास्तरांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी कात्री उचलून कापडात घातली. पहिले चार इंच गेले आणि हात थांबला. पाती अर्धी उघडी, मध्ये कापड.

"मी कापू?"

"नको. धर नुसतं."

काकूंनी दोन्ही तळव्यांनी कापड ताणून धरलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय?"

"दुखतंय. बोलू नकोस."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. दोघंही हलले नाहीत. बऱ्याच वेळानं पात्याचं टोक कणभर पुढे सरकलं, पुन्हा थांबलं, आणि काकू श्वास रोखून पुढच्या कणभराची वाट पाहत राहिल्या.