चावीकाकांना कॉफी कशी लागते

मित्रांनो, मी एक जुनी कॉफी मशीन आहे. सध्या माझा मुक्काम एका दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी असतो. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि बटणावरची खूण बोटांनी पुसून गेली आहे. पण आठवण चांगली आहे. म्हणून ज्या घरात माझी उमर गेली, त्या घराची गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून पुढे सरकत गेले, कोणी टाकी बसवली, कोणी तारा जोडल्या, शेवटी एका बाईनं पाणी ओतून मला तापवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. माझी रचना साधी. वर दोन झाकणं, शेजारी शेजारी. एका झाकणाखाली पाण्याची टाकी, दुसऱ्याखाली कॉफीची पूड घालायची जाळी. पाणी तापतं, पुडीवर पडतं आणि खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी जमते. बटण एकच. ते चालू तरी असतं, नाहीतर बंद. याहून जास्त अक्कल मला कोणी दिली नाही.

काकूंनी मला निवडलं तो दिवस मात्र स्पष्ट आठवतो. त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या बनवून द्यायचे. रस्त्याच्या वळणावर त्यांची टपरी होती. सगळे त्यांना चावीकाका म्हणायचे, त्यामुळे त्या आपोआप काकू झाल्या. दुकानदार एकेका मशीनचे गुण गात होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग माझं काचेचं भांडं उचललं आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला.

“हात आत जातोय. म्हणजे घासता येईल,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या दिसायला राण्या आहेत, पण त्यांची भांडी घासायला मला उंदीर पाळावा लागेल.”

दुकानदार हसला. चावीकाका दाराशी उभे राहून दुकानाच्या शटरचं कुलूप निरखत होते.

“अहो, ही घेऊ का?”

“तुला आवडली ना? मग झालं.”

माझी निवड झाली ती अशी.

स्वयंपाकघरात खिडकीखालच्या ओट्यावर मला जागा मिळाली. त्या घरात कामांची वाटणी पक्की होती. काकू टपरीतल्या कानशींना हात लावायच्या नाहीत आणि काका ओट्यावरच्या वस्तूंना. एकदा माझ्या भांड्याचा दांडा सैल झाला म्हणून काका स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, तर काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. “तुमची टपरी तिकडे. इथलं माझं मी बघते.” आणि खरंच, सुरीच्या टोकानं त्यांनी तो दांडा घट्ट केला.

सकाळी काका टेबलाशी येऊन बसायचे. त्यांच्याकडे पाठ करून काकू माझ्यासमोर उभ्या राहायच्या. झाकण उघडायचं, पाणी घालायचं, दुसरं झाकण उघडायचं, पूड घालायची, चमच्याची पाठ फिरवून ती सारखी करायची. माझी गुडगुड थांबली की त्या काकांच्या कपात आधी दूध ओतायच्या आणि वरून कॉफी, कारण काका फुंकर न मारता प्यायचे आणि जीभ भाजून घ्यायचे. मग कप पुढे यायचा. काका प्यायचे, “हं” म्हणायचे आणि टपरीवर जायचे. ते “हं” म्हणजे त्या घरातलं प्रशस्तिपत्र.

पाहुणे म्हणायचे, “काकू, अशी कॉफी बाहेर मिळत नाही बरं का.”

“मशीन चांगली आहे,” काकू म्हणायच्या, आणि मी फुगून जायचे. पण मित्रांनो, माझ्यासारख्याच मशीन घरोघर होत्या आणि तिथली कॉफी अगदीच बेताची असायची. हे मला पाहुण्यांच्याच बोलण्यातून कळलं.

पुढे काकांच्या पोटात जळजळायला लागलं. डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली. काका म्हणाले, “वाटलं तर जेवण बंद करतो, कॉफी नाही.” पण तेव्हापासून काकू जाळीत पूड जराशी कमी घालू लागल्या, आणि काही महिन्यांनी आणखी जराशी कमी. काका रोज “हं” म्हणत राहिले. ही गोष्ट फक्त काकूंना आणि मला ठाऊक होती.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या, घरी आल्या, पुन्हा गेल्या. मधल्या दिवसांत माझ्यावर एक फडकं टाकलेलं असायचं. शेवटच्या वेळी गेल्या त्या परत आल्या नाहीत. घरात माणसं आली, चार दिवस राहिली, आपापल्या कामाला गेली. माझ्यावरचं फडकं कोणी काढलं नाही. त्यावर धूळ बसली. काका सकाळी टेबलाशी येऊन बसायचे, ओट्याकडे बघायचे आणि कॉफी न घेताच टपरीवर जायचे.

एका सकाळी ते उठून माझ्यापाशी आले. फडकं काढलं, घडी घातली. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी झाकण उघडलं, पाणी ओतलं, त्याच झाकणातून पूड घातली आणि बटण दाबलं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, “काका, ती टाकी आहे! जाळी शेजारी!” पण आम्हाला फार तर गुडगुडता येतं. पूड माझ्या नळीत अडकली. पाणी पुढे जाईना. मी तापले, थुंकले, आणि सगळ्या ओट्यावर तपकिरी चिखल पसरला. तुम्ही त्यांना हसू नका. आयुष्यभर त्यांनी कॉफी होताना पाहिली होती ती टेबलाशी बसून, काकूंच्या पाठीमागून. हात हलताना दिसायचे, झाकणं दिसायची नाहीत.

नेमकी त्याच वेळी त्यांची लेक आली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि घरी आली तरी तिचा आवाज वर्गातलाच असायचा.

“बाबा! हे काय केलंत?”

“कॉफी.”

“ही कॉफी आहे? अहो, यात भेंडी लावता येईल!”

“मला वाटलं झाकण एकच आहे.”

लेकीनं पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या आणि ओटा पुसायला लागली. पुसता पुसता बोलायला लागली. “किती वेळा सांगितलं, माझ्याकडे चला. खोली तयार आहे. इथे एकटे काय खाता, काय पिता, माझा जीव टांगणीला लागलेला असतो.”

“आणि टपरी?”

“टपरीला लावा कुलूप. कुलपांची काही कमी आहे का तुमच्याकडे?”

काका हसले नाहीत. खुर्चीवर बसून तळहात बघत राहिले. “मला इथेच राहायचंय,” ते म्हणाले. “या घरातून मला हलवू नकोस.”

लेकीचे हात थांबले. मग ती हळू आवाजात म्हणाली, “ठीक आहे. आज जाऊन नवी मशीन आणू. सकाळची कॉफी तुमची तुम्हाला करता आली, तर राहा इथे. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण नाही जमलं, तर सामान बांधायचं. कबूल?”

“कबूल.”

जुनी मशीन देऊन नवी नेता येईल असं दुकान लेकीला माहीत होतं. त्यामुळे पिशवीत घालून मलाही नेलं. गाडीत काकांनी मला मांडीवर घेतलं होतं. माझी नळी तुंबलेली, तरी मला माझी काळजी वाटत नव्हती. आज यांना काही निवडता आलं नाही, तर यांचं घर जाणार, एवढंच डोक्यात होतं.

दुकानातल्या बाई चष्मा डोक्यावर चढवून चष्मा शोधणाऱ्यातल्या होत्या, पण मशीनची माहिती चोख. मला काउंटरवर ठेवून त्यांनी आधी सगळ्यात मोठी मशीन दाखवली.

“ही दाणे दळते, कॉफी करते, दूध फेसाळते, वर स्वतःला धुतेसुद्धा.”

“मग मी काय करायचं?” काकांनी विचारलं.

“प्यायची!”

लेक हसली. काका पुढे सरकले. दुसऱ्या मशीनला बटणंच नव्हती, नुसता काचेचा पडदा होता. काकांनी बोट लावलं. काही झालं नाही. जोरात लावलं, तरी नाही. चाव्या कानशीनं घासून घासून त्यांच्या बोटांची कातडी निबर झाली होती. पडदा त्यांना ओळख देईना.

“ही मला माणसात धरत नाही,” ते म्हणाले.

तिसरी मशीन छोट्या डब्यांची होती. पूड भरलेली बंद डबी आत टाकायची, कळ दाबायची, कप भरतो. काकांनी टाकली, दाबली, कप भरला. लेकीनं टाळी वाजवली. “झालं! जमलं तुम्हाला. हीच घेऊन टाकू, बाबा. तुम्ही जिंकलात.”

बाईंनी फळीवरून रंगीत डब्यांची खोकी काढली. “यातल्या कुठल्या देऊ? कडक आहे, मध्यम आहे, सौम्य आहे, दुधासाठी वेगळी, बिनदुधाची वेगळी. काका, तुम्हाला कॉफी कशी लागते?”

काकांनी खोक्यांकडे पाहिलं. मग लेकीकडे.

“सांगा ना, बाबा. कशी लागते?”

“तुझ्या आईला विचार,” काका म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. मोजे कुठे आहेत, पाहुणे कधी येणार, मागच्या वर्षी कुठल्या डॉक्टरांकडे गेलो होतो, काहीही विचारलं तरी त्या घरात हेच उत्तर असायचं. लेकीनं लहानपणापासून ते ऐकलं होतं. बाईंना काही माहीत नव्हतं, पण त्यांनी खोकी हळूच खाली ठेवली.

मित्रांनो, उत्तर माझ्यापाशी होतं. दूध आधी, कॉफी वरून, चमचा सपाट, आणि अलीकडे थोडा कमीच. पण मी तुंबलेली आणि वायर काढलेली. मी काय सांगणार?

“मला कल्पना नाही,” शेवटी काका म्हणाले. “ती द्यायची. मी प्यायचो.”

बाईंनी एक स्टूल पुढे ओढलं. “बसा. पिऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?”

त्यांनी एकामागून एक छोटे कप केले. पहिल्याला काकांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला म्हणाले, “हे भांडं धुतलेलं पाणी आहे का?” लेक ओशाळली, बाई हसल्या. मग बाई कोपऱ्यातल्या एका साध्या मशीनकडे वळल्या. ती माझ्याच जातीची होती, फक्त अंगानं लहान. दोन झाकणं, एक बटण. तिच्यातला कप काकांनी हातात घेतला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला.

“तिच्यासारखी आहे?” लेकीनं विचारलं. तिच्यासारखी म्हणजे आईच्या कॉफीसारखी, हे काकांना कळलं.

“नाही. ही कडक आहे. पण मला आवडली.” मग ते बाईंकडे वळले. “ही कशी केलीत?”

माझ्यात इतकी वर्षं कॉफी झाली, पण हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

बाईंनी सांगायला सुरुवात केली, तर काका म्हणाले, “तुम्ही नका करू. मी करतो.” त्यांनी एक झाकण उघडलं. “यात पाणी ना?” बाईंनी मान डोलावली. पाणी थोडं बाहेर सांडलं. बाईंचा हात पुसायला पुढे झाला, तो लेकीनं धरून ठेवला. मग दुसरं झाकण. पूड घालताना काका इतके वाकले होते की जणू अवघड कुलपात बघत होते. बटण दाबलं आणि ते मशीनपाशीच उभे राहिले, शेवटची गुडगुड थांबेपर्यंत.

तो कप त्यांनी दोन्ही हातांनी लेकीपुढे धरला.

लेकीनं घोट घेतला. तिचा चेहरा बघून काका म्हणाले, “बिघडली?”

“नाही हो. चांगली झालीय.”

“मग?”

“बाबा, मी कॉफी पीत नाही. मी चहा पिते.”

“कधीपासून?”

“कॉलेजपासून! घरी आले की आई माझ्यासाठी चहाच टाकायची. तुमच्यासमोर बसून तर प्यायचे.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग आधी त्यांचे खांदे हलले आणि मग आवाज आला. ते हसत होते. लेकही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. काकू गेल्यापासून मी या दोघांना एकत्र हसताना पाहिलं नव्हतं.

“चहा कसा लागतो तुला?” काकांनी विचारलं.

“दूध अगदी थोडं. साखर नको. आणि चांगला गरम.”

“दूध थोडं, साखर नको, गरम,” काका पुटपुटले. गिऱ्हाईकानं सांगितलेलं काम ते असंच पुटपुटून लक्षात ठेवायचे. “बाई, ही दोन झाकणांचीच द्या. आत काय चाललंय ते दिसतं तरी. आणि एक किटली द्या. चहाची.”

बाई खोकं आणायला आत गेल्या. लेकीनं गाडीची किल्ली काढली. “चला, घरी सोडते तुम्हाला.”

“कुठल्या घरी?”

“तुमच्या. आणखी कुठल्या?”

जाताना काकांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. मग नवं खोकं काखेत मारून लेकीच्या मागून निघून गेले. बाईंनी पुढे माझी नळी व्हिनेगरच्या पाण्यानं मोकळी केली, आणि आता मी दुकानातल्या माणसांना कॉफी करून देते. मला तक्रार नाही.

आमची निगा राखणं सोपं असतं. पाणी टाकीत, पूड जाळीत, अधूनमधून नळी धुवायची, की आम्ही वर्षानुवर्षं चालतो. पण तुमच्या घरातही रोज सकाळी कोणीतरी तुमच्याकडे पाठ करून उभं असेल आणि तुमच्यासाठी काहीतरी करत असेल. एखाद्या दिवशी उठा आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा. कुठल्या झाकणाखाली काय घालतात ते विचारून घ्या. आणि त्यांना स्वतःला काय आवडतं, हेही विचारा.

कारण काकूंना कॉफी कशी आवडायची, ते मलाही सांगता येणार नाही. काकांचा कप भरून झाला की भांड्यात जे काही उरेल, ते त्या आपल्या कपात ओतून घ्यायच्या.