झाकणाचा आवाज

हार्लनच्या बोटीवर रात्र संपायची ती झाकणाच्या आवाजाने. गळ टाकायला आलेल्या गिऱ्हाइकांना माणशी दोन पट्टेरी बास मासे मिळाले की तो बर्फाच्या पेटीचं झाकण तळहाताने धाडकन बंद करायचा, पाण्यात सोडलेला हिरवा दिवा विझवायचा आणि म्हणायचा, "चला, बायका वाट बघतायत." मग घड्याळात नऊ वाजलेले असोत की दोन. टेनेसीतल्या त्या तळ्याचं वरचं पाणी ऑगस्टमध्ये तापतं आणि मासा गारव्याला चाळीस फूट खाली जाऊन बसतो. तिथून ओढून आणलेला बास परत सोडला तर शेपूट मारत जातो खरा, पण खाली जाऊन मरतो. म्हणून खायचे तेवढे धरायचे आणि मुकाट घरी जायचं. कायद्यात असं काही नव्हतं. हार्लनच्या डोक्यात होतं, आणि हार्लनपुढे कुणाचं काही चालत नसे.

मार्चमध्ये हार्लन गेला आणि बोट बायकोच्या, ओलीटाच्या गळ्यात पडली. तशी तीस वर्षं ती तिच्याच जिवावर चालली होती. संध्याकाळी पाग फेकून आमिषाची बारीक मासळी धरायची ती, गोल टाकीत मीठ घालून ती जिवंत ठेवायची ती, अंधारात बोट नेमकी जागेवर उभी करायची तीच. नाव मात्र हार्लनचं. नाव मातीत गेलं आणि गिऱ्हाइकं तिच्या दिराच्या, कॉयच्या बोटीकडे वळली. कॉय दोनदा "सहज" येऊन टेप लावून बोटीची लांबी मोजून गेला होता. सहज!

उरले होते ते डॉक्टर लँगली. नॉक्सव्हिलचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या एका शब्दावर त्यांची सगळी मित्रमंडळी उन्हाळाभर हीच बोट घ्यायची. ते टिकले तर बोट टिकणार, नाहीतर ती विकत घ्यायला कॉयचा टेप पुन्हा निघणार, हे ओलीटाला पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्री डॉक्टर जावयाला, ब्रेंटला घेऊन आले. दिव्याच्या उजेडात बारीक मासळी घिरट्या घालू लागली आणि खालून बास वर चढले. दहाच्या सुमारास चारही मासे पेटीत होते. ओलीटाने झाकण बंद केलं. हार्लनसारखा आवाज काही निघाला नाही. मग तिने दिवा विझवला.

"ओलीटाबाई, अजून साडेदहासुद्धा नाहीत वाजले!" डॉक्टर म्हणाले.

"चार झाले, डॉक्टर. तुमचे दोन, जावईबापूंचे दोन."

"मग पुढचे सोडून देऊ की," ब्रेंट म्हणाला. "खायचेत कुणाला? एक दांडगा लागू दे, फोटो काढतो आणि सोडतो."

"सोडलेला जगत नाही, बाळा. हात घालून बघ, आंघोळीचं पाणी झालंय."

डॉक्टरांनी गळाला नवं आमिष लावलं. "हार्लन होता तोवर ऐकलं आम्ही. हार्लन तो हार्लन. राग मानू नका, पण कॉय म्हणे उजाडेपर्यंत दिवा ठेवतो."

ओलीटाला राग आला, पण डॉक्टरांचा नाही. मेलेल्या नवऱ्याचा आला. त्याला नियम परवडायचा, कारण गिऱ्हाईकच त्याची मर्जी सांभाळायचं. जाताना नियम तिच्यासाठी ठेवून गेला आणि दरारा मात्र सोबत घेऊन गेला. तिने मनात त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि दिवा पुन्हा लावला.

मग काय, चंगळ झाली. ओढा, हसा, सोडा. पहाटे ब्रेंटला हवा तो दांडगा लागला, लहान पोराएवढा लांब. फोटो झाले. ओलीटा बोटीच्या कडेवरून वाकली, त्याचा जबडा धरून त्याला कोमट पाण्यात कितीतरी वेळ पुढेमागे हलवत राहिली. शेवटी तो झटका देऊन सुटला.

"गेला की झकास पोहत!" डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "उगाच घाबरवत होतात आम्हाला."

तिने दिवा पाण्यातून वर ओढून घेतला.

त्यांना काठावर उतरवून, उजाडता उजाडता ती एकटीच परत त्या जागी गेली. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. ती एकेक जाळीने उचलून पेटीत टाकत गेली. दांडगा सापडला तेव्हा त्याच्या जबड्यावर तिच्या अंगठ्याची खूण अजून होती. तिला रडू फुटलं.

कॉयची बोट बाजूला येऊन थांबली. आता हा टोमणे मारणार म्हणून तिने तोंड फिरवलं. पण त्याने नुसती टोपी मागे सरकवली.

"पहिल्या वेळी मीही गोळा केले होते," तो म्हणाला. "हार्लनला कळू नये म्हणून. आता नाही करत. कासवं खातात, ओलीटा. तू सकाळी इकडे येतच जाऊ नकोस."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तो गेला आणि फोन वाजला. अनोळखी माणूस, डॉक्टरांचा मित्र.

"मॅडम, फोटो बघितला! डॉक्टर म्हणाले, तुमच्या बोटीवर आता हार्लनसारखी कटकट नाही. दिवा बंद करत नाही म्हणे तुम्ही?"

ओलीटाने पेटीकडे पाहिलं.

"नाही करत," ती म्हणाली.

"मग शुक्रवार मिळेल?"

"या."

फोन ठेवून तिने झाकण लोटलं. ते लागेना, दांडग्याची शेपटी बाहेर राहिली होती. तिने तळहाताने जोरात हाणून पाहिलं, पुन्हा हाणलं. मग ती त्या झाकणावर बसली आणि बसल्या बसल्याच बोट काठाकडे वळवली.