अस्सल छायाचित्रावरून

‘हुतात्मा सटवाजी यांचा हा पुतळा त्यांच्या अस्सल छायाचित्रावरून साकारला आहे’, असे सोनपेठजवळच्या त्या गावातील स्मारकाची शिळा सांगते. इतिहासाच्या प्राध्यापिका दैवशालाबाईंनी ते वाक्य सावकाश वाचले. निजामाच्या राज्यात रानोमाळ मेंढरे चारणारा हा माणूस छायाचित्र काढून घ्यायला कोणत्या शहरी गेला होता, हे शिळेने सांगितले नव्हते. रझाकारांनी गोळी घातली तेव्हा त्याच्यामागे एक काठी, एक घोंगडी आणि गरोदर बायको एवढेच उरले होते. पुतळ्याच्या कानात मात्र भिकबाळी होती. घोंगडीही होती, पण डोक्यावरून खोळ करून घेतलेली नव्हे, तर लग्नातल्या शेल्यासारखी घडी घालून खांद्यावर टाकलेली. ज्यांनी जन्मात कधी घोंगडी पांघरली नाही, त्यांनी हा मेंढपाळ घडवला होता.

हे सारे दैवशालाबाई तिथल्या तिथे बोलल्या असत्या. पण सोबत सुलाबाई होती. सटवाजीची मुलगी, बापाच्या मागे जन्मलेली. मरायच्या आधी एकदा बापाचे तोंड पाहावे, म्हणून काखेत नवी घोंगडी घेऊन ती माहेरच्या गावी आली होती.

स्मारक समितीचे अध्यक्ष व्यंकटराव पाटील यांनी चौथऱ्याला शिडी लावली. “चढा आक्का. घाला बापाच्या अंगावर.”

सुलाबाई चढली. तिने पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला आणि ती थबकली. हे खोटे निदान आजचा दिवस टिकावे, असे दैवशालाबाईंना आयुष्यात प्रथमच वाटले.

सुलाबाई घोंगडीसकट खाली उतरली.

“व्यंक्या, ह्यो तर तुझा बाप.”

“काय बोलायलाव आक्का!”

“लहानपणी तुमच्या घरची भांडी घासलीत म्या. आश्रुबा पाटलाला वळखणार न्हाई व्हय? माय सांगायची, रझाकार ह्याच्याच ओसरीवर जेवले. मी माझा बाप बघाया आल्ते, अन् तू तुझाच दाखवायलास!”

आणलेली घोंगडी तिने स्वतःच्याच डोक्यावरून खोळ करून घेतली आणि ती पुतळ्याकडे पाठ करून बसली.

दैवशालाबाईंनी व्यंकटरावांना एवढेच विचारले, “छायाचित्र कुठून आणले?”

शिडी आवरता आवरता त्यांनी दिलेले उत्तर जसेच्या तसे असे :

“फोटो मिळालाच न्हाई, बाई. आमच्या आबाचा घरात होता, तोच मूर्तीवाल्याला दिला. म्हणलं, गरिबाचं तोंड कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? वळखायला कोण येतंय?”