सुताराचं काम

आमच्या गल्लीत एखादं घर विकायला निघालं की ते एकट्याचं काम राहत नाही. सव्वीस घरं, सगळी जोडघरं, दोन घरांमध्ये एकच भिंत. एकाला चांगला भाव मिळाला की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या घराचा तोच भाव, आणि एकाने पडत्या भावाला दिलं की सगळेच बुडाले. त्यामुळे गिऱ्हाईक घर बघायला येणार असलं की अख्खी गल्ली कामाला लागते. दोरीवरचे कपडे मागच्या अंगणात जातात. मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे, गंजलेल्या सायकली आत. कुत्री बांधली जातात. भांडणसुद्धा पुढे ढकलतात. एकदा दोन सख्खे भाऊ फाटकाशी कडाकडा भांडत होते. कॅप्टनने लांबून नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं, तसे दोघं हसतमुखाने आत गेले. गिऱ्हाईक गेल्यावर बाहेर आले आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झाले.

कॅप्टन म्हणजे आमच्या कमिटीचा अध्यक्ष. बस डेपोत कारकून होता, पण हुकूम असे सोडतो की नाव पडलं ते पडलंच.

मी रंगारी. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, त्यामुळे या बाबतीत गल्लीत माझा शब्द चालायचा. विकायच्या घराची पुढची बाजू मी खरवडायची, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर दोन हात मारायचे. मग गिऱ्हाईक आलं की सोबत फिरायचं आणि भिंतींविषयी विचारलं तर उत्तर द्यायचं. माझं बोलणं लोकांना खरं वाटतं असं कॅप्टन म्हणायचा. मला त्याचा अभिमान होता. गल्लीतल्या टॅक्सीवाल्याला त्याची बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हलवायला मीच लावली होती. त्याच्याशी त्यावरून वर्षभर अबोला होता, पण गल्लीचा भाव पडू दिला नाही.

मग आमच्या हिला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बोलायची, पण ते तिचं तिलाच कळायचं आणि थोडंफार मावशीला. मावशी म्हणजे हिला सांभाळायला येणारी बाई. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिला सगळी गल्ली मावशीच म्हणते. ती सकाळी साडेआठला येऊन संध्याकाळी जायची. हिला अंघोळ घालायची, केस विंचरायची आणि पुढच्या व्हरांड्यात खुर्चीवर आणून बसवायची. तिथे बसायला हिला फार आवडायचं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताने बोलवायची. लाळ गळायची, मावशी पुसायची. आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. गल्लीतली माणसं थांबून दोन शब्द बोलत. परका माणूस मात्र दचकायचा आणि रस्त्याच्या त्या बाजूने जायचा.

आमच्या भिंतीला भिंत लागून पोस्टमास्तरांचं घर. त्यांना ते विकून लेकीजवळ राहायला जायचं होतं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. तिसरं ठरलं, दोघंही बँकेत नोकरीला असलेलं जोडपं. आदल्या दिवशी कॅप्टन आमच्याकडे आला. पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि म्हणाला, "वहिनींना उद्या जरा..." पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. त्याचं वाक्य मीच पुरं केलं. म्हटलं, मागच्या खोलीत बसवतो.

खरं सांगायचं तर तो येण्याआधीच माझ्या मनात ते येऊन गेलं होतं. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी हिला आत नेऊ लागलो. तिने मान हलवली, का म्हणून विचारलं. तेवढं मला कळलं. मी म्हटलं, पुढे ऊन येतंय. आमच्या घराचं तोंड पूर्वेला आहे. दुपारी पुढे ऊन येत नाही. त्या घरात ती एकतीस वर्षं राहत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मागच्या खोलीत तिला पलंगाच्या कडेला, उशीला टेकवून बसवलं. मावशी जवळ असली की ही तिच्याशी बोलत राहणार आणि आवाज पलीकडे जाणार, म्हणून मावशीला औषधं आणायला पाठवलं. बाजारपेठेतल्या दुकानातून आण म्हटलं, म्हणजे जायला यायला तासभर. मावशी म्हणाली, औषधं अजून चार दिवसांची आहेत. मी म्हटलं, असू दे, जा. आणि खोलीचं दार लावून पोस्टमास्तरांकडे गेलो.

जोडपं चांगलं होतं. बाईंना स्वयंपाकघर आवडलं. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो. ती आणि आमची मागची खोली यांच्यात फक्त भिंत. बाई खिडकी उघडून बघत होत्या, तेवढ्यात आवाज आला. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक टक. खाली, जमिनीजवळून.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. कॅप्टन दारात उभा होता, त्यानेही पाहिलं.

"आमच्याकडे सुताराचं काम चाललंय," मी म्हणालो. "दाराची चौकट बदलतोय."

"भिंत पातळ आहे का मग?"

"छे हो. सुतारच दणकट आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

मग आम्ही गच्चीवर गेलो. खाली आलो तेव्हा आवाज चालूच होता, फक्त मंद झाला होता. मी मनात म्हटलं, कंटाळली असेल, पुढे बसायचं म्हणून हट्ट करत असेल. चहा झाला. चहा पिता पिता आवाज थांबला आणि मला बरं वाटलं. हे मी लिहितोय ते जसं होतं तसं लिहितोय. मला बरं वाटलं.

घरी गेलो तर ती पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पडली होती, लुळ्या अंगावर. डाव्या हाताची बोटं सोललेली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मावशी आली ती गाडीत हिला चढवताना. औषधाची पिशवी तशीच हातात धरून ती आमच्याबरोबर दवाखान्यात आली.

त्यानंतर ही पाच आठवडे होती. पडून राहिल्याने छातीत कफ झाला आणि त्यातच गेली. पोस्टमास्तरांचं घर तोवर विकलं गेलं होतं, गल्लीत कधी मिळाला नव्हता इतक्या भावाला. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही. आमच्याकडे सुतार नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

ही पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची लेक आली होती. दवाखान्याच्या जिन्यात तिने विचारलं, "मावशी कुठे होती?"

मी म्हटलं, औषधं आणायला गेली होती. यात खोटं काही नव्हतं.

"औषधं तर घरात पडली आहेत. मी पाहिली. चार दिवसांची."

मी जिन्याच्या कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागलो.

"आणि बाबा, तुम्ही?"

"शेजारी होतो. पाच मिनिटं."

लेकीने जे समजायचं ते समजून घेतलं. मावशी कामाचं निमित्त काढून बाजारात भटकायला गेली आणि आई पडली. तिने त्याच संध्याकाळी मावशीला फोनवर येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशी तिचा डबा आणि छत्री न्यायला आली तेव्हा मी घरात होतो. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हिची चादर घडी करत होतो. ती घडी मी तीनदा घातली. मावशी गेली.

अशी गोष्ट गल्लीपुरती राहत नाही. सव्वीस घरांत आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांत म्हाताऱ्या माणसांना कमी नाही, पण मावशीला कुणी बोलावेना. ती दोन बस बदलून कुठल्याशा दवाखान्यात चादरी धुवायला जाते असं कानावर आलं. मी ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या सासऱ्यांना उठवत नाही. म्हणाल्या, "काका, ती मावशी आली होती विचारायला. लोक बोलतात ते खरं का? तुमच्याइतकं कोण सांगणार."

मी म्हणालो, "बघा बुवा. तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्या फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. बारीक झाली होती. तिने आधी माझ्या जेवणाखाण्याचं विचारलं, मग म्हणाली, "काका, बाई नाही म्हणाल्या. काम नाही मिळालं तर दुसरं बघेन, हातपाय धड आहेत माझे. पण मी काकूंना टाकून गेले असं लोक म्हणतात, ते नाही सोसवत. तुम्ही एवढंच सांगा, की मीच पाठवलं होतं. बाकी काही सांगू नका."

तिला बाकीचं काही माहीतच नव्हतं. ती फक्त स्वतःपुरतं मागत होती.

मी तेवढंच सांगायचं ठरवून तिच्याबरोबर गेलो. बाईंच्या बैठकीच्या खोलीत कॅप्टन कसल्याशा कागदावर सही घ्यायला बसला होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशीला मीच औषधं आणायला पाठवलं होतं. ती नको म्हणत होती. तिची चूक नाही."

बाई म्हणाल्या, असं होय, मग प्रश्नच मिटला. कॅप्टन लगेच म्हणाला, "अहो, तेव्हा तुमचं डोकं कुठे ठिकाणावर होतं. सांगायचं राहून गेलं असेल. झालं गेलं सोडा आता." तो कागदाकडे बघून बोलत होता. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही हे एवढ्यावरच मिटलेलं हवं होतं.

मावशीने पदराने डोळे पुसले. "काकांना काही बोलू नका," ती म्हणाली. "काकूंचं सगळं त्यांनीच केलंय. रात्रीचं उठणं, कूस बदलणं. त्यांच्यासारखं कुणी केलं नसतं."

हे नसती बोलली तर मी घरी गेलो असतो. चांगलं काम केल्यासारखा गेलो असतो.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. उन्हाचं सांगितलं. दार लावल्याचं सांगितलं. भिंतीवरचा आवाज, सुतार, चौकट, आणि सगळे हसले ते. कॅप्टनचं नाव मी घेतलं नाही, पण तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच तो उठला, कागद तिथेच ठेवून गेला.

मावशीने विचारलं, "किती वेळ वाजवत होत्या?"

"वीस मिनिटं असतील. जास्तही."

"मला वाटायचं, पडल्या पडल्या शुद्ध गेली असेल. त्या समजुतीवर मला झोप लागायची." तिने पदर खोचला. "तुम्हाला ऐकू येत होतं."

"हो."

"त्या काकू आहेत हे कळत होतं."

"हो."

तिने बाईंना विचारलं, आजोबा कुठल्या खोलीत आहेत. आणि उठून त्यांना बघायला आत गेली. परत बाहेर आली नाही. मी बराच वेळ बसलो, मग बाईच म्हणाल्या, काका, तुम्ही निघा आता.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. मावशीच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, एवढी तरी लाज राखायची होती. तिला सगळं सांगितलं. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

मावशी आता रोज सकाळी साडेआठला आमच्या दारावरून कोपऱ्यावरच्या घरी जाते. मी त्या वेळी व्हरांड्यात असतो. पहिले बारा दिवस ती समोर बघत गेली. मीही हाक मारली नाही. तेराव्या दिवशी ती फाटकाशी थांबली.

"तुमच्या लेकीचा फोन आला होता काल," ती म्हणाली. "माफी मागत होती. खूप रडली. मी म्हटलं, तू कशाला रडतेस, तुला कुठे माहीत होतं."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

खोटं बोलून मावशीला माझं मन राखता आलं असतं. तिने आठवून पाहिल्यासारखं केलं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव नाही काढलं तिने."

मग आजोबांची कूस बदलायची वेळ झाली म्हणून ती गेली.

लेकीचा फोन मला अजून आलेला नाही. मीही केलेला नाही. जे सांगायचं होतं ते एकदा सांगून झालंय, आणि त्यातलं काही कमी करून पुन्हा सांगता येण्यासारखं नाही.