तोंडी परीक्षेचा जोडीदार

किन्हीराजा गावातल्या सासरच्या घरात सहा वर्षं नांदूनही मंजुषा आपल्या भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. धनराज घरात आला की तिनं पदर डोक्यावर घ्यायचा, ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं आणि दाराची कडी दोनदा वाजवायची. कडी वाजली की त्यानं समजायचं, जेवण वाढलं.

बाहेर मात्र ती तोंडाची खमकी होती. शेलूबाजारला एका कर सल्लागाराकडे ती हिशेब पाहायची आणि व्यापाऱ्याचं बिल चुकलं तर त्याच्या तोंडावर सांगायची. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेऊन तिला पसंत केलं होतं. काम विलायतेतल्या दुकानांचे हिशेब ठेवायचं. अट एकच. हिशेबाच्या धंद्यातल्या लोकांसाठी इंग्रजीची एक परीक्षा असते, तिचं सर्टिफिकेट दिवाळीपर्यंत आणून द्यायचं.

"तू पास हो फक्त," विकास, तिचा नवरा, म्हणाला होता. "पुन्याले मी काईबी करीन. पन या घरातून निघू एकडाव."

तेव्हापासून ती जीपमध्ये तोंडाला रुमाल बांधून इंग्रजी पुटपुटत जायची. शेजारच्या म्हातारीनं एकदा विचारलंच, "कोन्या देवाचा जप करून राह्यली वं माय?"

"जो पावन त्याचा, आजी."

परीक्षा नागपूरला होती. विकासची शेतात फवारणी चाललेली. सासूनं, गोमतीबाईनं, निकाल देऊन टाकला, "बाईमानूस एकटी नागपूरले जाते कायले? धनराज जाईन संगं."

धनराज कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा. तो विकासला म्हणाला, "मंग मी काय बाहेर बाकावर बसून राहू? मायाबी फारम भर. भावजय परीक्षा देते अन् मी बी.कॉम. होऊन तिची पिशवी सांभाळतो, लोक हासतीन ना बे."

विकासनं एकाच संध्याकाळी, एकाच मोबाईलवर दोघांचे अर्ज भरले. आडनाव एक, नंबर लागून आले. त्यातून काय निघेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

लेखी पेपर मंजुषाला सोपा गेला. तोंडी परीक्षेला मात्र दोघा-दोघांना बोलावत होते. दोन उमेदवारांनी आपसात वाद घालायचा आणि परीक्षकानं ऐकून मार्क द्यायचे. हे तिला आधीपासून ठाऊक होतं, पण समोर कोणी परका माणूस येईल असं तिनं धरलं होतं. भिंतीवरच्या कागदावर आपल्या नावाशेजारी तिला धनराजचं नाव दिसलं.

ती टेबलापाशी बसलेल्या मुलीकडे गेली. "मॅडम, माझा जोडीदार बदलून द्या. ते माझे भासरे आहेत."

"भासरे म्हणजे?"

"मिस्टरांचे मोठे भाऊ."

"अरे वा, मग तर घरचेच झाले! टेन्शनच नाही," मुलगी हसली आणि तिनं पुढचा नंबर पुकारला.

धनराज दोन पावलांवर उभा राहून सगळं ऐकत होता. 'आज बोल, काई हरकत नाई,' एवढं तो म्हणाला असता तर तिचं काम झालं असतं. त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. विषय होता, कारखान्यानं हिशेबाचं काम आपल्याकडे ठेवावं की बाहेर द्यावं. धनराजनं ठेवावं म्हणायचं, मंजुषानं ते खोडून काढायचं. धनराजनं सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. त्याच्या बोलण्यातली चूक मंजुषाला दिसत होती. जीपमध्ये घोकलेली वाक्यं ओठांवर आली होती. फक्त मान वर करायची, त्याच्या डोळ्यांत पाहायचं आणि 'मला हे पटत नाही' म्हणायचं. भासरा संगं म्हणून ती साडी नेसून आली होती. तिचा एक हात पदराकडे गेला. दुसऱ्या हातातलं पेन टेबलावर वाजलं. दोनदा.

तिनं मुद्दाम वाजवलं नव्हतं. पण धनराजला घरची खूण कळली. आपल्याला वाढून ठेवलंय असं समजून तो पुन्हा सुरू झाला आणि जिनिंगचा सगळा कारभार मोडक्या इंग्रजीत सांगत सुटला.

परीक्षकानं मंजुषाकडे वळून विचारलं, तुमचं काय मत?

"सर इज राइट," ती खाली पाहत म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

निकाल आला. धनराज काठावर पास झाला. मंजुषाला लेखीत भरपूर मार्क, तोंडीत नापास. दिवाळी गेली, पुण्याची जागा रिकामीच होती. धनराजनं आपलं सर्टिफिकेट तिथंच पाठवलं आणि त्याला बोलावणं आलं.

गोमतीबाईनं आळीत पेढे वाटले. "घरातच राह्यली ना नोकरी," ती सुनेला म्हणाली. "तुयी काय अन् त्याची काय."

धनराज ओट्यावर बसून, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात लोकांना सांगत होता, "म्या अडवलं होतं काय तिले? संधी भेटली तं बोलाव मानसानं." विकास खाली मान घालून पेढा खात होता.

पुण्याला जाऊन धनराजला महिना झाला असेल नसेल, सगळे जेवायला बसले असताना त्याचा फोन आला. विकासनं स्पीकर लावला.

"विकास, साहेबानं इंग्रजीत पत्र लिहाले सांगतलं. गिऱ्हाईकाले कळवाचं हाय का तुमचा हिशेब चुकला, पन त्याले राग नाई आला पाह्यजे. मले काई सुधरून नाई राह्यलं. मंजुषाले दे बरं फोन. बोल म्हना सरळ, आता कायची लाज? जमाना बदलला."

"बोल वं बाई," गोमतीबाई म्हणाली. "घरचाच हाय."

मंजुषानं फोनकडे पाहिलं. मग सावकाश पदर डोक्यावर ओढला, उठून दाराशी गेली आणि कडी वाजवली. दोनदा.

"काय म्हनते थे?" फोनमधून धनराजनं विचारलं. "बोलून राह्यली का नाई?"

विकासनं बायकोकडे पाहिलं. ती उंबऱ्यात पाठ करून उभी होती.

"काई नाई दादा," तो म्हणाला. "जेवन वाढलं म्हनते."